हातोडीचे तोंड

परमार्थाच्या वाटेवर चालणाऱ्याला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. मुलगा चुकला, दिंडीतल्या सोबत्याने नेम मोडला, तर बोलावे की गप्प बसावे? गप्प बसलो तर कर्तव्य चुकते. बोललो तर शब्द वर्मी लागतो. मग ठोका देण्याचा अधिकार कोणाचा?

याचे उत्तर भांडी घडवणाऱ्याच्या हातोडीत सापडते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडत आली. भांड्यावर ठोक्यांचे जे चमकदार ठिपके उमटतात, त्याला मठारकाम म्हणतात. अशा कामाची हातोडी भंगारातूनही करता येते. ट्रकच्या मोडक्या एक्सलचा तुकडा घ्यावा, भट्टीत लाल करून दांड्यासाठी आरपार भोक पाडावे, कानशीने तोंड किंचित फुगीर करावे. कडा मात्र गोल हव्यात, नाहीतर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा घाव बसतो. मग तोंड लाल तापवून तेलात विझवावे. पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. ठोक्यासरशी कपची उडून मारणाऱ्याच्याच डोळ्यात जाऊ शकते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर, गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढेपर्यंत धरतात. कठीणपणा थोडा उतरतो, तेव्हाच हातोडी कामाची होते.

तरी खरे काम पुढेच असते. जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक; तोंड आरशासारखे होईपर्यंत घासत राहायचे. कारण त्यावर एक ओरखडा राहिला, तर तोच ओरखडा प्रत्येक ठोक्यागणिक पत्र्यावर उमटतो. पत्रा बिचारा निमूट. हातोडीच्या तोंडावर जे असेल तेच तो घेतो.

लेकरांचेही असेच आहे. रागाने सांगितलेल्या उपदेशातला उपदेश विसरला जातो, राग तेवढा उमटतो. आपला अहंकार, दुसरीकडचा सल, शेजाऱ्याशी केलेली तुलना, सगळे त्या कोवळ्या मनावर छापले जाते.

गोरोबाकाकांनी संतमंडळींची मडकी थापटण्याने पारखली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. नामदेवरायांना ते थापटणे लागले. पण काकांनी मारले नव्हते. कच्चे की पक्के एवढा आवाज ऐकला होता. त्या हातात राग नव्हता, म्हणून तो ठोका नामदेवरायांना विसोबा खेचरांच्या पायाशी घेऊन गेला.

कोणी म्हणेल, माउली, मग निष्कलंक झाल्याशिवाय कोणाला काही सांगायचेच नाही का? तसे असते तर जगात एकही बाप मुलाला वळण लावू शकला नसता. वापरातल्या हातोडीवर ओरखडे पडतातच. चांगला कारागीर त्यासाठी काम सोडून बसत नाही. पत्र्यावर ठोका घालण्याआधी तो तोंड पुसतो, निरखतो, गरज दिसली तर पुन्हा घासतो. अधिकार निर्दोषपणातून येत नाही, तो या घासण्यातून येतो. रोजचा हरिपाठ, एकादशीचा उपवास, वारीत एकमेकांच्या पाया पडणे, ही सारी घासणीच आहे. आपणही कोणी खाणीतून आलेले नवे लोखंड नाही. भंगारातूनच उचललेले आहोत. विठुरायाने दांडा बसवून हाती धरले, एवढीच आपली थोरवी.

तेव्हा उद्या कोणाला बोलण्याची वेळ आली, तर जिभेवर शब्द येण्याआधी एकदा नाम घ्यावे आणि आपले तोंड निरखावे. मग खुशाल बोलावे.

रामकृष्ण हरी.