थापटणे

गेल्या हिवाळ्यात लोहाऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत एक विद्वान वक्ते येऊन गेले. विषय ‘धर्म आणि विवेक’. तासाभरातली चाळीस मिनिटे त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंवर खर्च केली. दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले; उत्तर द्यायला ते येणार नाहीत याची वक्त्यांना खात्री असावी. मुद्दा असा : कॅथलिक धर्मगुरूची सदसद्विवेकबुद्धी रोममध्ये गहाण पडलेली असते, आणि असा गहाण पडलेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला ही मराठीची फसवणूक होती. टाळ्या पडल्या. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते, म्हणून मी गप्प बसलो. ते गप्प बसणे अजून टोचते आहे. हा लेख त्यातूनच आला.

93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 10 ते 12 जानेवारी 2020 ला आमच्या जिल्ह्याच्या गावी भरले. तेव्हा ते उस्मानाबाद होते. अध्यक्ष ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून धमक्या आल्या. ‘येऊ नका’ असे पत्र उद्घाटक ना. धों. महानोरांना गेले, महानोर आले. पाठदुखीने बेजार झालेले दिब्रिटो चाकांच्या खुर्चीवरून आले आणि पाच दिवसांपूर्वी दिल्लीत जेएनयूच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यावर बोलले. ते बोला असा रोमचा निरोप नव्हता. वसईत हरित वसई संरक्षण समितीच्या बाजूने बिल्डर आणि गुंडपुंड यांच्यासमोर हा माणूस उभा राहिला, तेव्हाही व्हॅटिकनचे फर्मान आल्याचे कुणी ऐकले नाही.

गंमत म्हणजे हा आरोप दीडशे वर्षांचा म्हातारा आहे. 1870 मध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर झाला आणि 1874 मध्ये ग्लॅडस्टनने पुस्तिका काढली : आता कॅथलिक माणूस राज्याशी एकनिष्ठ राहील कसा? त्याची बुद्धी तर पोपकडे! पुढच्या वर्षी जॉन हेन्री न्यूमनने ड्यूक ऑफ नॉरफोकला उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्याला उत्तर दिले. जेवणानंतर कुणाच्या नावाने पेला उचलायची वेळ आलीच, तर पोपचा नंबर दुसरा, पहिला विवेकाचा, असा त्याचा आशय. हे लिहिणाऱ्याला चर्चने वाळीत टाकले नाही. 1879 मध्ये कार्डिनल केले, आणि 13 ऑक्टोबर 2019 ला, म्हणजे दिब्रिटोंची निवड होऊन महिनाही उलटला नव्हता तेव्हा, संतपद दिले. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस तर ह्याच्याही पुढचा. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणे वाईट आहे असे ज्याच्या बुद्धीला पटले, त्याने तरीही श्रद्धा ठेवली तर ते पाप, असे तो सांगतो. गहाणखत करणारा सावकार अशी अट घालत नाही.

इथे थांबलो असतो तर वक्त्यांचा हिशेब चुकता झाला असता. पण न्यूमनचे तेच पत्र पुढे वाचत गेलो आणि अडचणीत आलो. विवेकाच्या नावाखाली माझ्या काळातले लोक आपला हट्ट खपवतात, अशी त्याची तक्रार आहे. मनाला येईल ते करण्याची मोकळीक म्हणजे विवेक असे त्यांनी धरून ठेवले आहे, आणि ते नाणे खोटे आहे. आपल्याकडे त्या नाण्याची चलती 1969 पासून चांगलीच झाली. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले ते ‘अंतरात्म्याच्या आवाजा’वर. तेव्हापासून आमदारांचा अंतरात्मा नेमका मतदानाच्या आदल्या रात्री बोलतो.

दुसऱ्यांना कशाला हसू? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आमच्या भागातली दगडमातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर बसली. सारे मिळून दहा हजारांच्या आसपास जीव गेले. मी तेव्हा तरुण मास्तर, पुढे दुरुस्तीच्या अनुदानाच्या यादीचे काम अंगावर आले. चुलत्याच्या वाड्याला एक भेग होती, भूकंपाच्या आधीची. ती मी नोंदवली. आतला आवाज स्पष्ट होता, घोगरासुद्धा नव्हता : सगळेच घेतात, आणि हा तर आपला माणूस. झोप शांत लागली. तेव्हा दिब्रिटोंनी ‘आतला आवाज’ ऐकला एवढेच म्हणून त्यांची बाजू मांडणे मला आता जमत नाही. आवाज मीही ऐकला होता.

मग फरक कुठे पडतो? मला तो फ्रान्झ येगरश्टेटरमध्ये दिसला. माझ्या मित्रांना या नावाचा आता कंटाळा आला आहे. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड खेड्याचा हा शेतकरी. तरुणपणी उनाड, गावातली पहिली मोटारसायकल याची, लग्नाआधीचे एक मूलही होते. 1936 मध्ये फ्रान्झिस्काशी लग्न झाले. नवराबायको मिळून बायबल आणि संतांची चरित्रे वाचू लागली. पुढे गावच्या चर्चची झाडलोट, घंटा, दिवाबत्ती याच्याकडे आली. 1938 मध्ये हिटलरच्या बाजूने अख्ख्या गावाने कौल दिला, विरोधात एकट्या याचे मत. लष्करी प्रशिक्षण एकदा घेऊन आला होता. तरी हिटलरसाठी बंदूक उचलायची नाही असे ठरत गेले. ‘ठरत गेले’ म्हणतो, कारण तो एका रात्रीत उठून म्हणाला नाही. प्रश्न लिहून काढले. धर्मगुरूंना विचारले. लिंझच्या बिशपकडे गेला. बिशपनी सांगितले, बायको आहे, तीन लहान मुली आहेत, तिकडे बघ. त्याने ऐकून घेतले. हा हेर असेल की काय या भीतीने बिशप असे बोलले असावेत, असेही त्याला वाटले. परत येऊन नकारावर ठाम राहिला. 9 ऑगस्ट 1943 ला त्याचा शिरच्छेद झाला. 26 ऑक्टोबर 2007 ला लिंझच्याच कॅथेड्रलमध्ये त्याला ‘धन्य’ घोषित केले. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का समोर बसली होती.

बुद्धी गहाण असती तर बिशपचा सल्ला त्याला सुटकेसारखा वाटला असता, म्हणून वक्ते चुकले. मी चुकलो तो दुसऱ्या टोकाला : येगरश्टेटर विचारत फिरला, मी त्या यादीबद्दल कुणालाही विचारले नाही. कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होते.

उस्मानाबादच्या संमेलननगरीला तेरच्या गोरोबाकाकांचे नाव होते. त्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे : संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके वाजवले, नामदेव कळवळले, आणि काकांनी मडके कच्चे ठरवले. कच्चे कोण, तर पांडुरंगाशी समोरासमोर बोलणारे नामदेव! ज्यांच्या आतला आवाज थेट देवाचा, त्यांनाही औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावे लागले. कॅथलिक परंपरेतले रोजचे अंतःकरणपरीक्षण, दुसऱ्या माणसापुढे गुडघे टेकून केलेले पापनिवेदन यांची मी पूर्वी टिंगल करायचो. आता ते मला थापटणे वाटते. डोक्यावर बसणारे, लागणारे, आणि आपल्या हातात नसलेले.

अर्थात थापटणारा हात भाजलेला असतोच असे नाही. लिंझच्या बिशपांचे पाहिलेच. बालकांवरचे अत्याचार झाकणाऱ्या बिशपांनीही आयुष्यभर इतरांचीच पापे ऐकली होती. आणि भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना गोरोबाकाकांचे स्वतःचे लेकरू पायाखाली आले, ही कथाही त्याच तेरची आहे. कीर्तनकार ती शेवटच्या चमत्कारासाठी सांगतात. मी मधल्या क्षणापाशी अडतो.

चुलत्याचा वाडा अजून उभा आहे. ते पैसे परत गेले नाहीत.

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी त्याच वक्त्यांचे नाव पुन्हा पुढे आले आहे. माझी हरकत नाही. आभाराचे काम मात्र दुसऱ्या कुणाला द्यावे, ही समितीला विनंती. मला या वेळी श्रोत्यांत बसून प्रश्न विचारायचा आहे.