चांगल्या कामासाठी आहे ना, मग चालेल?

एखादी वस्तू आपण कधी स्वतःसाठी करतो, कधी विकण्यासाठी करतो, कधी कोणाच्या मदतीसाठी करतो. या तिन्हींपैकी कोणत्या वेळी ती सर्वांत चांगली व्हायला हवी? उत्तर सोपे वाटते. गेल्या डिसेंबरपर्यंत मलाही सोपेच वाटत होते.

बडोद्यात थंडी फार कडाक्याची नसते, पण सरकारी रुग्णालयाच्या आवारात रात्र काढणाऱ्याला ती पुरेशी असते. आत रुग्ण असतो आणि गावाकडून आलेले त्याचे नातेवाईक बाहेर फरशीवर चादर अंथरून झोपतात. त्यांना ब्लँकेट द्यायची असे आमच्या सत्संगातील काही तरुणांनी ठरवले. प्रत्येकाने आपल्याला जमेल तसे पैसे उभे करायचे होते. मी एम.कॉम. करते, कमाई काही नाही. बेकिंग तेवढे येते. म्हणून घरी मसाल्याच्या कुकीज करून सोसायटीत विकायच्या, असे मी ठरवले.

परदेशात या कुकीज मोलॅसिस घालून करतात. मी गूळ घालते. सुंठ, दालचिनी, लवंग, किंचित जायफळ आणि अंड्याऐवजी दूध. गूळ ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे कुकी मधोमध मऊ राहते आणि चावताना जराशी ओढल्यासारखी लागते. इंग्रजीत त्याला ‘च्युई’ म्हणतात. अनुवादाची सेवा करताना मोठमोठ्या शब्दांशी झटापट केली आहे, पण या शब्दाने मला हरवले. ‘चिवट’ म्हटले तर कोणी घेणार नाही, ‘चामट’ ही तर शिवीच, ‘लुसलुशीत’ ढोकळ्याला शोभते. शेवटी पाकिटावर नुसते ‘मऊ’ लिहिले. नानखटाईवर वाढलेल्या शेजाऱ्यांना त्यावरही शंका होतीच: कच्ची तर नाही ना राहिली?

या कुकीची सगळी मेख वेळेत आहे. १८० अंशांवर दहा-अकरा मिनिटे. मधला भाग अजून झालेला नाही असे वाटत असतानाच ट्रे बाहेर काढायचा, कारण तापलेल्या ट्रेवर ती पुढेही भाजत राहते. चार मिनिटे उशीर झाला की गूळ पाकासारखा कडक होतो आणि गार झालेली कुकी दाताला खड्यासारखी लागते.

एका ट्रेत बारा, असे दहा ट्रे. १२० कुकीज, सहा-सहाची वीस पाकिटे, प्रत्येकी १०० रुपये. आठवा ट्रे आत असताना मी सोसायटीच्या ग्रुपसाठी ‘सेवाभावाने बनवलेल्या घरगुती कुकीज’ असा संदेश लिहीत बसले होते. भाव नेमका उतरावा म्हणून दोनदा खोडून पुन्हा लिहिला. वास आला तेव्हा उशीर झाला होता. जळाल्या नव्हत्या, पण कडा काळपट आणि बाराही कडक.

रात्रीचे अकरा वाजले होते. उरलेल्या दोन ट्रेंपुरतेच पीठ शिल्लक होते. मी त्या बारा कुकीज बारा पाकिटांत एकेक करून तळाशी घातल्या. मनात म्हटले, चांगल्या कामासाठी आहे, कोण तक्रार करणार?

कोणीच केली नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बांकडे गेले, तेव्हा त्यांचा सहा वर्षांचा नातू म्हणाला, “दीदी, तुझी कुकी चहात बुडवली तरी तुटली नाही. बाची कवळी हलली.” बांनी त्याला डोळ्यांनी दटावले. “असं बोलायचं नसतं बेटा, ते दानाचं आहे.”

दुकानातली बिस्किटे अशी निघाली असती, तर बांनी पाकीट परत पाठवले असते. माझे पाठवले नाही, कारण मी त्यावर सेवा हा शब्द लिहिला होता. त्या शब्दाने त्यांचे तोंड बंद केले. कडक कुकी ही चूक होती. पण ती कोणी दाखवू शकणार नाही हे ओळखून मी पाकिटात घातली होती, त्याला चूक म्हणता येत नाही.

परिव्यय लेखांकनात आम्ही शिकतो की प्रक्रियेत होणारी सामान्य घट चांगल्या मालाच्या किमतीत मिळवता येते. निष्काळजीपणामुळे झालेली घट मात्र असामान्य. ती मालावर चढवायची नसते, थेट आपल्या नफा-तोटा खात्यात दाखवायची असते. परीक्षेत यावर मला पूर्ण गुण आहेत. घरी मी तोच तोटा बारा पाकिटांवर वाटून टाकला होता.

कठोपनिषदात नचिकेताचे वडील दानात म्हाताऱ्या, भाकड गायी देतात. गायींची संख्या कमी नव्हती, विधीही यथासांग चालू होता. तरी ते पाहून मुलगा बेचैन होतो. मला ती कथा नेहमी मृत्यूची कथा वाटत आली. ती भाकड गायींपासून सुरू होते, हे यावेळी लक्षात आले.

एक मैत्रीण म्हणाली, “अगं, ब्लँकेट मिळाली ना? एका कुकीने कोणाची ऊब कमी झाली?” खरे आहे, नाही झाली. पण त्याच रविवारी आम्ही ब्लँकेट बघायला गेलो. दुकानात १५० रुपयांचे पातळ होते आणि २५० चे जाड. माझ्या २००० रुपयांत पातळ तेरा येत होती, जाड आठ. कोणीतरी म्हणाले, “फुकटच तर द्यायची आहेत, चालेल.” मी दचकले. हे वाक्य माझ्याच स्वयंपाकघरातले होते, आता ते घेणाऱ्याच्या अंगावर जाणार होते. आम्ही जाड घेतली. त्यामुळे पाच माणसे ब्लँकेटविना राहिली, हेही खरे. तेरा जणांना थोडी ऊब द्यावी म्हणून कोणी पातळ निवडले, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. ‘फुकट आहे’ म्हणून निवडले तर म्हणेन.

घरी येऊन ग्रुपवर लिहिले की बारा पाकिटांत एकेक कुकी कडक गेली आहे, मला ते माहीत होते, बदलून देते. “अगं चालतं, चांगल्या कामासाठी होतं,” असे लगेच चार जणांनी कळवले. मी स्वतःच्या पैशांनी पुन्हा बारा केल्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. नऊ जणांनी घेतल्या. बांनी माझ्यासमोरच खाल्ली आणि विचारले, “ही आतून कच्ची तर नाही ना?”

हिशेब लिहिताना आणखी एक गोष्ट दिसली. मी सगळ्यांना सांगितले होते की सर्व पैसे ब्लँकेटसाठी आहेत. ते खरे ठरले, कारण लोणी, मैदा, गूळ, मसाले आणि पाकिटे मिळून ६७० रुपयांचे सामान आईने घरखर्चातून आणले होते. ट्रेही तिनेच घासले. मी वहीत ओळ वाढवली: साहित्य ६७० रुपये, आईकडून. तिने ती वाचली आणि म्हणाली, “हे कशाला लिहिलंस? खोड ते.”

मी अजून खोडलेले नाही. ती रोज विचारते.