वंशवृक्षातील रिकामी जागा



गेल्या पेसाहाला लंडनमध्ये माझ्या नातीने वंशवृक्षाचा कागद पुढे ठेवला व विचारले, “आजी, तुझ्या आजीचे माहेर इथे का नाही?” मी चहाचे निमित्त करून आत गेले. माहेर मला ठाऊक होते. आजी ‘काळी इस्राएल’, म्हणून तिच्या माहेरचे नाव काढायचे नाही, असे आईने मला बजावले होते.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा. त्या चौदाजणांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. दिवेकर, किहीमकर, पेणकर ही आडनावे तर गावांची! शिवाय हिशेब करा. आईबाप दोन, आजीआजोबा चार. असे दहाव्या पिढीला १,०२४ होतात. नात्यातली लग्ने वजा केली तरी शेकडो उरतात. आडनाव त्यांतल्या एकाच वाटेने येते. मग अभिमान कोणाचा धरायचा आणि लाज कोणाची?

१९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींनी आपल्या मुलामुलींच्या लग्नापूर्वी आई-आजीकडील वंश तपासण्याचा आदेश काढला. आपले लोक संतापले, झगडले आणि १९६४ साली क्नेसेटने आपल्याला सर्वार्थाने यहुदी मानले. तो संताप रास्त होता. पण तोच प्रश्न आपण ‘काळ्यां’ना घरोघर विचारीत होतो. त्यांच्याशी सोयरीक नको, त्यांच्या पंक्तीला जेवण नको. जे आपल्याला अन्याय वाटले, ते आपण केले तेव्हा रीत कसे ठरले? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तर बेने इस्राएलांत यहुदी व भारतीय असे दोन्ही वंश आढळले.

मी जन्मभर परिचारिका होते. रक्त चढविताना गट व रोग्याचे नाव दोनदा तपासले. रक्त कोणत्या कुळाचे, हे कोणी विचारले नाही.

मग पूर्वज शोधूच नयेत का? जरूर शोधावेत, पण हक्क सांगण्यासाठी नव्हे; ऋण मानण्यासाठी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ आपले, तशी शब्बाथचा दिवा लावणारी माझी आजीही आपलीच.

मी कागद परत मागवला आणि आजीचे माहेर स्वतःच्या हाताने लिहिले. आपल्या घरच्या कागदावर अशी जागा असेल, तर सांगणारे माणूस हयात आहे तोवर ती भरून घ्यावी.