रिकाम्या जागेची साक्ष

गायी वेगवेगळ्या, तरी सगळ्यांना आपण 'गाय'च म्हणतो. हा सारखेपणा गायींमध्येच असतो की पाहणाऱ्याच्या बुद्धीत? भारतीय दर्शनांत या प्रश्नावर कित्येक शतकं वाद झाला. वैशेषिकांनी हा सारखेपणा, म्हणजे 'सामान्य', खरोखरच अस्तित्वात आहे, असं मानलं. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांना ते अमान्य होतं. त्यांच्या मते खऱ्या असतात त्या फक्त एकेक वस्तू. वर्ग पाडते ती आपली बुद्धी.

या वादात मूलद्रव्यांचे वर्ग पाडणाऱ्या आवर्तसारणीची साक्ष काढायलाच हवी.

१८६९ मध्ये दिमित्री मेंडेलीव्हने मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, सारख्या गुणांची एकत्र आणली आणि जिथे काहीच बसेना तिथे जागा रिकामी ठेवली. अ‍ॅल्युमिनिअमखालच्या अशाच एका जागी येणाऱ्या धातूची घनता ५.९ च्या आसपास असेल, असंही त्याने सांगून टाकलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकोक द ब्वाबोद्राँला जस्ताच्या खनिजात गॅलिअम सापडलं. त्याने मोजलेली घनता भरली ४.७. तो धातू कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या मेंडेलीव्हने कळवलं, नमुना शुद्ध नसावा. धातू शुद्ध करून पुन्हा मोजला, तर घनता ५.९!

त्याहून बोलकं उदाहरण टेल्युरिअमचं आहे. त्याचा अणुभार १२७.६, आयोडीनचा १२६.९. वजनाप्रमाणे आयोडीन आधी यायला हवं, पण त्याचे सगळे गुण क्लोरीन-ब्रोमीनचे. मेंडेलीव्हने गुणांवर भरवसा ठेवून टेल्युरिअम आधी घेतलं आणि त्याचा अणुभार चुकीचा मोजला गेला असणार, असं ठरवलं. अणुभार बरोबरच होता. १९१३ मध्ये हेन्री मोजलेने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं की खरा क्रम केंद्रकावरच्या विद्युतभाराचा आहे: टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३. मेंडेलीव्हचं कारण कोसळलं, जागा मात्र टिकली. वर्ग निव्वळ बुद्धीने रचलेला असता, तर कारणाबरोबर तीही गेली असती.

पण म्हणून बौद्धांची बाजू निकालात निघत नाही. बाहेरच्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन असलेलं हेलिअम बेरिलिअमच्या डोक्यावर ठेवायचं की निऑनच्या, यावर रसायनशास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात. धर्मकीर्तीचा युक्तिवादही दमदार आहे: वेगवेगळ्या वनस्पती ताप उतरवतात, म्हणून त्या सगळ्यांत एकच 'सामान्य' वसतं असं मानायची गरज नाही.

सोडिअम आणि पोटॅशिअमच्या बाबतीत मात्र सारखेपणाचं कारण दाखवता येतं. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. पण इथे वैशेषिकांनाच अडचण येते. एकसारख्या परमाणूंनाही एकमेकांपासून वेगळं ठेवणारा स्वतःचा 'विशेष' असतो, असं ते मानत. पुंजभौतिकीत मात्र एका इलेक्ट्रॉनला दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येईल अशी कोणतीही खूण नसते.