प्रतिकारशक्ती घराबाहेरही घडते

मे २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ओसरू लागली आणि तिसरी लाट मुलांना गाठणार, ही धास्ती घराघरांत शिरली. महाराष्ट्र सरकारने बालरोगतज्ज्ञांचा कृती गट नेमला. तिसरी लाट मुख्यतः मुलांवरच येईल ही शक्यता फार कमी आहे, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले. पण भीती काही हटली नाही. मुलांसाठी लस नव्हती, शाळा बंद होत्या, खेळणे थांबले होते. आईबापांना करता येण्याजोगे एकच उरले होते: औषधाच्या दुकानातून काहीतरी आणणे. क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, झिंकचे सिरप, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, जोडीला च्यवनप्राश आणि काढा.

या धडपडीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. लेकरासाठी काहीच करता येत नाही, ही भावना सोसणे फार कठीण असते. पण माया खरी असली, तरी उपाय खरा ठरतोच असे नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. एक मध्यम पेरू ही गरज भागवून उरतो. चघळायची गोळी असते ५०० मिलिग्रॅमची. जास्तीचे बहुतेक लघवीवाटे निघून जाते. ड जीवनसत्त्वाचे तसे नाही. ते शरीरात साठते. आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक काळच घ्यायची ६० हजार युनिटची पुडी रोज दिली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणून ‘दिले तर बिघडते कुठे?’ हा युक्तिवाद टिकत नाही.

शिवाय प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हे गृहीतकच चुकीचे आहे. करोनानंतर काही आठवड्यांनी थोड्या मुलांना जो गंभीर आजार झाला, त्यात हृदयासह अनेक अवयवांना सूज येत होती, आणि ती शरीराच्या अतिरेकी प्रतिकारातून येत होती. मुलाला हवा असतो तो नेमका आणि आटोक्यातला प्रतिकार. तो लस शिकवते. पोटभर चौरस अन्न, झोप आणि खेळ त्याला बळ देतात.

याचा अर्थ पूरक घटक निरुपयोगी आहेत असा नाही. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएससोबत दिलेले झिंक आणि गोवर झालेल्या मुलाला दिलेले अ जीवनसत्त्व जीव वाचवते. तिथे आजार, मात्रा आणि दिवस ठरलेले असतात. लोहाची कमतरता तर आपल्या समोरच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय होता आणि ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. राज्यातली ही पाहणी २०१९ ची, म्हणजे करोनाच्या आधीची. ज्यांना पूरक आहाराची खरी गरज होती, ती बहुतेक मुले गोळ्या विकत घेणाऱ्या घरांतली नव्हती. त्यांची आशा अंगणवाडीवर आणि शाळेच्या खिचडीवर होती. टाळेबंदीत ताजे गरम जेवण थांबले आणि त्याऐवजी कोरडा शिधा आला. घरात तो सगळ्यांतच वाटला जाणार, हे उघड होते.

नियमित लसीकरणही मागे पडले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतातील ३० लाखांहून अधिक मुलांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवर पसरला, मुले दगावली. करोनाच्या काळात राहून गेलेल्या लसी हे त्यामागचे एक ठळक कारण होते.

मला खंत वाटते ती इथे. मुलाची प्रतिकारशक्ती ही प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची वस्तू आहे, हे आपण नकळत मान्य केले. गोळी दिल्यावर मन शांत होते आणि लसीकरण सत्र का भरले नाही, अंगणवाडी कधी उघडणार, हे विचारायचे राहून जाते. पुढच्या साथीत आईबापांनी बाटली घेण्याआधी मुलाचे लसीकरण कार्ड तपासावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही मात्रा देऊ नये. सरकारने दवाखान्यांइतक्याच तातडीने मुलांचे लसीकरण आणि गरम जेवण चालू ठेवावे. आणि हे होत नसेल, तर ज्यांना गोळ्या परवडतात त्यांनी इतरांच्या मुलांसाठीही आवाज उठवावा, कारण साथीत कुणाचेही मूल एकटे सुरक्षित राहत नाही.