रुजू आणि रुजुवात

'रुजू' हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. मराठीत शिक्षक शाळेवर रुजू होतो, म्हणजे हजर होऊन कामाला लागतो. उर्दूत 'रुजू करना' म्हणजे वळणे, परत फिरणे. आपल्याच म्हणण्यावरून माघार घेणे यालाही रुजूच म्हणतात. अरबी मुळाचा अर्थ परतणे हाच आहे. त्याच घराण्यातली मराठी 'रुजुवात' म्हणजे नक्कल असलाशी ताडून पाहणे. शिकवायचे उर्दूत आणि लिहायचे मराठीत, त्यामुळे असे शब्द माझ्या वाटेत येतच राहतात. परत फिरणे, हजर होणे आणि ताडून पाहणे ही तीन कामे एकमेकांपासून तोडली तर काय होते, हे संगणकाच्या दोन घटनांत चांगले दिसते.

पहिली घटना सर्व्हरची. अनेकांची कामे एकाच वेळी सांभाळणारा संगणक तो सर्व्हर. त्याच्या मदरबोर्डवरील चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. वीज येताच आधी तो जागा होतो, मग बाकीचे. ३ जानेवारी २०१८ रोजी प्रोसेसरमधील 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे दोष जगजाहीर झाले. इंटेलने दुरुस्ती दिली, यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनी ती फर्मवेअरमधून पोचवली, आणि काही यंत्रे मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली. २२ जानेवारीला खुद्द इंटेलने सांगितले की ही आवृत्ती आता बसवू नका. ज्यांनी बसवली होती त्यांना डेलने आधीच्या आवृत्तीवर परतण्याची वाट दाखवली.

परतलेले यंत्र स्थिर झाले खरे. पण स्पेक्टरची जी फट बुजवायला नवी आवृत्ती आणली होती, ती पुन्हा उघडी पडली. 'पहिलेच बरे होते' म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. पहिलेही सदोषच होते, फक्त तो दोष तेव्हा ठाऊक नव्हता. शिवाय परतणेही जोखमीचे. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. भारनियमनाचे दिवस काढलेल्या आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला नको. काही यंत्रे तर जुनी आवृत्ती स्वीकारतच नाहीत, कारण तीच वाट चोरालाही सोयीची असते.

दुसरी घटना १९ जुलै २०२४ ची. ती फर्मवेअरची नव्हती, सुरक्षेसाठी पाठवलेल्या एका फाइलची होती. क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. अवघी ७८ मिनिटे. तेवढ्यात विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. मुंबई विमानतळावर अकासा एअरला प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली.

७८ मिनिटांत चूक मागे घेणे ही लहान गोष्ट नव्हे. कित्येक जण जन्मभर घेत नाहीत. पण ही माघार पोचली कुणाला? जी यंत्रे उभी होती, किंवा त्या वेळी बंद होती, त्यांना. जी कोसळली होती त्यांतली बहुतेक निरोप घेण्याइतका वेळही सुरू राहत नव्हती. तिथे माणसाला यंत्रापुढे जाऊन बसावे लागले, ते सेफ मोडमध्ये चालू करून ती एक फाइल हाताने काढावी लागली. असे एकेक यंत्र. कंपनीच्या लेखी फाइल १० वाजून ५७ मिनिटांनीच मागे घेतली गेली होती.

मग मागे घेतले असे म्हणायचे कधी? घेणाऱ्याने जाहीर केले तेव्हा, की पडलेला उठला तेव्हा? माझ्या मते दुसरे. शाळेच्या दप्तरात हा प्रश्न रोज भेटतो. आपल्याकडे 'शेख अमुक शेख तमुक' अशी नावे असतात. नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा तीन रकान्यांत ती बसवताना कुणी शेख पुढे लिहितो, कुणी मागे, कुणी 'एस. के.' करून मोकळा होतो. पुढे चूक कळते, दाखलखारीज रजिस्टरमध्ये ती दुरुस्त होते, सही-शिक्का होतो. कार्यालयाच्या दृष्टीने प्रकरण मिटले. तोवर जुन्या नावाने काढलेला दाखला, आधार आणि बँकेचे खाते तिन्ही वेगवेगळी बोलत असतात, आणि मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला असतो. ज्याचे काहीच अडले नव्हते त्यालाच या दुरुस्तीचा फायदा झाला.

काही शिक्षक दहावीचे अर्ज भरण्याआधी पालकांना बोलावतात आणि रजिस्टर समोर ठेवून एकेक अक्षर वाचून घेतात. ही खरी रुजुवात. पण त्यासाठी मजुरीवर जाणाऱ्या बापाला एक रोज पाडावा लागतो, आणि नाव चुकलेले निघाले तर तहसीलच्या फेऱ्यांत आणखी दोन-तीन. नाव त्याने चुकवलेले नसते. रोज मात्र त्याचाच पडतो, आणि तो भरून देण्याची तरतूद मी अजून कुठल्याही परिपत्रकात वाचलेली नाही.