तपासणी कुणासाठी?

वाघ्या गेला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. लोणी काळभोरला आमच्या घरामागे ऊस आणि पावसाळा आला की वाघ्याच्या कानात गोचीड, हे ठरलेलं. एके दिवशी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. अंग तापलेलं. डॉक्टर मोटरसायकलवर आले, इंजेक्शन दिलं, 300 रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी वाघ्या शेपटी हलवत उठला, चौथ्या दिवशी पुन्हा आडवा. असं तीनदा झालं. डॉक्टर म्हणालेही होते, "हडपसरला नेऊन रक्त तपासा." वडील म्हणाले, "जनावराचं कुठं रक्त तपासतात?" माझ्याकडे तेव्हा पैसे नव्हते, हे खरं. पण मी वादही घातला नाही, हेही खरं.

नंतर वाचत बसलो. गोचिडीमुळे कुत्र्यांना होणाऱ्या आजारांत एर्लिकिया हा जिवाणू असतो आणि बबेसिया हा तांबड्या पेशींत शिरणारा परजीवी. दोन्हींत ताप, मलूलपणा, घटलेल्या प्लेटलेट्स. बाहेरून सारखेच. पण पहिल्यावर डॉक्सिसायक्लिनचा साधारण 28 दिवसांचा कोर्स, दुसऱ्याला औषध वेगळं. काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर पुष्कळदा फरक कळतो. लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्याला आम्ही ऑफिसात हसतो. वाघ्याला आम्ही तीनदा रीस्टार्ट केलं. त्याला नेमकं काय झालं होतं, ते आता कधीच कळणार नाही.

स्वस्त उपायाची किंमत नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या खात्यावर जाते. डायक्लोफिनॅक हे गुरांसाठीचं स्वस्त वेदनाशामक होतं. ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशातली बहुतेक गिधाडं संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आमचे वाचलेले पैसे वाघ्याच्या खात्यावर गेले.

म्हणजे सगळ्या तपासण्या करायच्या? मलाही तसंच वाटायचं. मग राणी आली. तोवर मला नोकरी लागली होती. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला, तसा मी तिला रात्रीच गाडीत घालून शहरात नेलं. रक्त, किडनी, लिव्हर, एक्स-रे, सोनोग्राफी. रक्तात बबेसिया दिसला, औषध मिळालं, तिसऱ्या दिवशी ती खायला लागली. तरी मी म्हणालो, "अजून एकदा सोनोग्राफी करू." डॉक्टर बाईंनी विचारलं, "त्यात काही निघालं किंवा नाही निघालं, तर आपण वेगळं काय करणार आहोत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेबलावर राणी थरथरत होती. ती दुसरी सोनोग्राफी तिच्यासाठी नव्हतीच. वाघ्याचं थकलेलं बिल मी तिच्या अंगावर फेडत होतो.

तेव्हापासून स्वस्त की महाग, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. शेजारच्या काकूंच्या शेळीला हगवण लागली, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यांचा आतला रंग पाहिला आणि जंताचं औषध दिलं. तपासणी नाही. शेळी बरी झाली. अंदाज अनुभवाचा असेल, चूक लवकर दिसणार असेल आणि ती सुधारायला वेळ असेल, तर अंदाजानं उपचार करणं हा हलगर्जीपणा नाही. पण एकच अंदाज दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा तेच इंजेक्शन देणं, हा आहे. माणूस निदान "दुखतंय" म्हणतो, "नको" म्हणतो. मुक्या जिवाच्या वतीनं आपणच होकार देतो, म्हणून तो होकार आपल्या कंजूषपणातून आला की अपराधीपणातून, हे आपणच तपासायला हवं.

परवा राणी एकदा उलटून पडली. बाकी खेळत होती, पाणी पीत होती. वडिलांनीच विचारलं, "रक्त तपासायचं का रे?" मी म्हणालो, "सकाळपर्यंत बघू." रात्री तीनदा उठून तिच्या पोटावर हात ठेवून आलो.